पद्मिनी सुरू होत नाही: डिसेंबर-जानेवारीच्या नोंदी

६ डिसेंबर २०२५, शनिवार

गाडी प्रीमियर पद्मिनी, पेट्रोल, १०८९ सीसी, चार सिलिंडर, कार्ब्युरेटर, पॉइंटचं इग्निशन (पॉइंट म्हणजे ठिणगीसाठी करंट तोडणारा यांत्रिक स्विच). बाबांनी जानेवारी १९९१ मध्ये नवी घेतली, तेव्हापासून आमच्याच घरात आहे. सध्या चिपळूणजवळच्या घरी, पडवीला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी. मे अखेरपासून हललेली नाही.

घाई अशासाठी की खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. २००६, २०११, २०१६, २०२१ अशी चारदा वाढवली. आताची मुदत जानेवारी २०२६ अखेर संपतेय आणि तपासणीला गाडी दाखवावी लागते. बाबा ७९ वर्षांचे आहेत. ही गाडी भंगारात जावी असं त्यांना वाटत नाही, मलाही नाही.

हात लावायच्या आधी बाबांना समोर बसवून सगळा इतिहास विचारून घेतला. मे महिन्यात कराडला जाताना कुंभार्ली घाटात गाडी दोनदा बंद पडली होती. दहा-पंधरा मिनिटं थांबल्यावर आपोआप सुरू झाली. उन्हाळा, त्यात चढ, म्हणून सगळ्यांनी व्हेपर लॉक (उष्णतेने पाइपातच पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटणं) ठरवलं आणि विषय संपवला. मग पाऊस लागला. गणपतीत सेल (स्टार्टर) मारला तर फिरला, पण इंजिन पकडेना. ऑक्टोबरात एका गॅरेजवाल्याला घरी बोलावलं. त्याने प्लग, पॉइंट, कंडेन्सर, रोटर, डेल्कोची कॅप असा सगळा संच नवा टाकला. (डेल्को म्हणजे ठिणगीचा करंट चारही प्लगांना वाटणारा डिस्ट्रिब्युटर, रोटर हा त्यातला फिरणारा भाग.) तरी सुरू झाली नाही. ‘सेल जड फिरतोय, म्हणजे इंजिन धरतंय, हेड उतरवावं लागेल,’ असं सांगून तो गेला. जुने काढलेले भाग बाबांनी बिस्किटाच्या डब्यात घालून डिकीत ठेवलेत.

हेड (सिलिंडरांवरचं झाकण) उतरवायचं की नाही, हे मोजमाप घेतल्याशिवाय मला ठरवायचं नाही. पुण्याहून येताना मल्टिमीटर, फिलर गेज, टेस्ट लॅम्प आणि उसना कॉम्प्रेशन गेज आणलाय.

आज एवढंच केलं: डिपस्टिक बघितली, ऑइल पुरेसं आहे आणि त्यात पाण्याचा दुधाळपणा नाही. चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडलं. गाडी चौथ्या गिअरला टाकून शेडमधून दोघांनी हळूहळू पुढे ढकलली. इंजिन कुठेही न अडकता फिरतंय. सहा-सात महिने उभ्या असलेल्या इंजिनाला थेट सेल मारायच्या आधी हे केलेलं बरं. रिंग गंजून भिंतीला चिकटल्या असतील तर त्या इथेच कळतात. ‘धरतंय’ हे निदान इथेच अर्धं पुसलं गेलं.

बॅटरी ११.६ व्होल्ट. म्हणजे जवळपास रिकामी. रात्रभर चार्जिंगला लावली.

७ डिसेंबर, रविवार

सकाळी बॅटरी १२.६ व्होल्ट, भरलेली. प्लग बाहेरच ठेवून सेल मारला. दाब नसतानाही इंजिन कण्हत कण्हत फिरलं. हे बरोबर नाही. प्लग काढलेलं इंजिन भर्रकन फिरायला हवं.

गावातले मिस्त्रीकाका सहज डोकावले. काकांनी पंचवीस-तीस वर्षं मुंबईत काळ्या-पिवळ्या टॅक्स्यांवर काम केलंय, म्हणजे मुख्यतः पद्मिनीवरच. त्यांनी बॉनेटमध्ये वाकूनही बघितलं नाही, लांबूनच विचारलं, ‘‘ताई, सेल मारल्यावर चोकची वायर हाताला गरम लागते का बघ.’’

लागली. चांगलीच.

कारण असं की इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं. बॅटरीची निगेटिव्ह केबल बॉडीला जोडलेली, आणि बॉडीपासून इंजिनापर्यंत करंटची वाट म्हणजे तांब्याच्या विणलेल्या तारेची एक अर्थपट्टी. ती खराब झाली की स्टार्टरचा शंभर-दीडशे अँपिअरचा करंट मिळेल त्या वाटेने परततो, म्हणजे चोकच्या आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या तारेतून.

अंदाजावर न थांबता मोजलं. बाबा चावीवर, मी मीटरवर. सेल चालू असताना:

बॅटरीच्या दोन टोकांत १०.४ व्होल्ट.
बॅटरीच्या प्लसपासून स्टार्टरच्या बोल्टपर्यंत ०.४.
बॅटरीच्या मायनसपासून इंजिन ब्लॉकपर्यंत १.९.

म्हणजे स्टार्टरच्या वाट्याला उरले फक्त ८.१. परतीच्या वाटेवर पाव-अर्ध्या व्होल्टाच्या वर काही जायला नको, इथे जवळजवळ दोन जातायत. अर्थपट्टी काढली तर एका टोकाला ती हिरव्या भुकटीसारखी हातात आली. कोकणातल्या पावसात तांब्याचं हे असंच होतं.

चिपळूणहून २५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल आणली, दोन्ही टोकांना लग दाबून बसवले, बॉडीवरची आणि ब्लॉकवरची जागा पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत घासली, बोल्ट आवळून वरून ग्रीस लावलं. पुन्हा मोजलं: १.९ चे ०.२ झाले. सेल असा फिरला की बाबा खुर्चीतून उठून उभे राहिले.

प्लग लावून सेल मारला. सुरू झाली नाही. एकदाही पकडल्याचा आवाज नाही.

बाबांचा चेहरा पडला. त्यांना म्हटलं ते इथे लिहून ठेवते, पुढे मलाच लागेल. गाडी सुरू झाली नाही म्हणजे केलेलं काम चुकलं असं नाही. दोन दोष एकाच वेळी असतील तर एक काढल्यावर बाहेरून काहीच फरक दिसत नाही, दुसरा त्याला झाकून ठेवतो. मग माणूस नीट केलेली गोष्ट पुन्हा उसकटतो. म्हणून ‘सुरू झाली का’ ही परीक्षा शेवटची. त्याआधी सेल, दाब, पेट्रोल, ठिणगी आणि ठिणगीची वेळ हे पाच टप्पे वेगवेगळे, प्रत्येकाची स्वतःची चाचणी घेऊन पास करायचे. सेल पास.

१३ डिसेंबर, शनिवार

दाब (कॉम्प्रेशन). चारही प्लग बाहेर, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, कॉइलची (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या भागाची) वायर काढलेली. प्रत्येक सिलिंडरला सेलचे सहा-सात फेरे:

१ नंबर ११२, २ नंबर १०८, ३ नंबर १०५, ४ नंबर ११० पीएसआय.

३४ वर्षांच्या इंजिनाला हे आकडे उत्तम आहेत. नुसत्या आकड्यापेक्षा चारांमधला फरक महत्त्वाचा, आणि इथे तो सात पीएसआय. सिलिंडरांत आठवड्यापूर्वी ऑइल सोडलं होतं, त्याने आकडा थोडा फुगतो, हे धरूनही काळजीचं कारण नाही. हेड गॅस्केट गेलं असतं तर शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम खाली दिसले असते. व्हॉल्व्ह जळाला असता तर एक वेगळा पडला असता.

हेड उतरवायचं नाही. बाबांना आकडे कागदावर लिहून दिले, त्यांनी तो कागद चष्म्याच्या घरात ठेवला.

आजची दुसरी नोंद जास्त कामाची आहे. मागच्या रविवारी चोक ओढून इतका सेल मारला होता, तरी आज काढलेले चारही प्लग टोकाला कोरडे. ऑइलचा थर आहे, पेट्रोलचा वासही नाही. पेट्रोल सिलिंडरपर्यंत येतच नाही.

१४ डिसेंबर, रविवार

आधी सुरक्षेचं. शेडमधून गाडी उघड्यावर काढली, आग विझवायचं सिलिंडर हाताशी ठेवलं, कॉइलची वायर काढून टोकाला टेप लावला. शेजारच्यांची चूल लांब आहे, तरी वाऱ्याची दिशा बघितली. पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते, डोळ्यांना दिसत नाही.

पंपापासून कार्ब्युरेटरकडे जाणारा पाइप काढून बाटलीत सोडला, सेल मारला. पंधरा सेकंदांत बाटलीत चार बुडबुडे आणि दोन थेंब.

टाकीतलं पेट्रोल नळीने काढलं, साधारण नऊ लिटर निघालं. वास पेट्रोलचा नाही, जुन्या वॉर्निशसारखा. काचेच्या बरणीत तासभर स्थिर ठेवलं तर तळाशी बोटभर वेगळा थर, खाली सरकणारा. आताचं पेट्रोल म्हणजे वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. ओल एका मर्यादेपलीकडे गेली की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाला बसतात आणि वर उरलेल्या पेट्रोलचा दम जातो. अर्धवट भरलेली टाकी आणि चिपळूणचा पावसाळा, याहून वेगळं काही होणार नव्हतं. पुढच्या वर्षीसाठी: गाडी उभी ठेवायची तर टाकी एक तर गच्च भरून, नाही तर पूर्ण रिकामी.

पण जुनं पेट्रोल हे बुडबुड्यांचं कारण नाही. पंप हवा ओढतोय. चासीच्या लोखंडी पाइपपासून पंपापर्यंत वीतभर रबरी नळी आहे, ती वाकवली आणि वळणावर बारीक भेगा उघडल्या. ही जागा फसवी आहे. नळी पंपाच्या अलीकडची असल्यामुळे तिच्यातून पेट्रोल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. जमिनीवर डाग नाही, वास नाही, म्हणून कोणाचं लक्षच जात नाही. जुनं रबर इथेनॉलपुढे टिकत नाही. इथेनॉल चालणारी नळी पुण्याहून आणलीच होती, तीनही जागी बदलली, क्लिप नव्या घातल्या.

टाकी अजून साफ व्हायचीय, म्हणून पंपाची ओढणारी नळी सरळ ताज्या पेट्रोलच्या डब्यात सोडली. सेल पंधरा सेकंद: बाटलीत साधारण ८० मिली, ठोक्याठोक्याने, बुडबुड्यांशिवाय. पंपाचा डायफ्रॅम शाबूत आहे. पंप बदलायचा मोह होत होता, कारण मिस्त्रीकाकांकडे एक सेट पडलाय. नाही बदलला. जे मोजून चांगलं निघालंय ते काढायचं नाही.

नळी कार्ब्युरेटरला जोडून सेल मारला. सुरू नाही. प्लग मात्र आता चांगले ओले. पेट्रोल येतंय, जळत नाही.

२० डिसेंबर, शनिवार

ओल्या प्लगवरून सरळ ठिणगीकडे जाता आलं असतं. पण त्या नऊ लिटरांतलं काही कार्ब्युरेटरच्या वाटीत मे महिन्यापासून बसून असणार, म्हणून आजचा दिवस त्याला दिला.

वाटी उघडली. तळाला मधासारखा चिकट थर, कडांना पांढरी भुकटी. मेन जेट उजेडाला धरला तर भोक अर्धं. आयडलचं जेट पूर्ण बंद. क्लीनरमध्ये भिजवून, कंप्रेसरच्या हवेने साफ केले. भोकात तार घालायची नाही, कितीही वाटलं तरी. पितळेच्या जेटचं भोक शतांश मिलिमीटरवर बेतलेलं असतं, तारेचा एक ओरखडा आणि मिश्रण कायमचं बिघडतं. शिवणाच्या सुईनेही नको. फ्लोट हलवून बघितला, आत पेट्रोल शिरलेलं नाही. नीडल व्हॉल्व्ह तोंडाने फुंकून तपासला, फ्लोट वर असताना हवा बंद, खाली असताना मोकळी. बसवून टाकला.

संध्याकाळी मिस्त्रीकाका चहाला आले होते. पद्मिनीची टॅक्सी मुंबईतून अधिकृतपणे ३० ऑक्टोबर २०२३ ला गेली. शेवटची टॅक्सी ताडदेवला २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती आणि टॅक्सीचं आयुष्य वीस वर्षं. काका म्हणाले, टॅक्स्या होत्या तोवर पार्ट कुठेही मिळायचे, आता कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरही शोधावे लागतात, आणि मिळाले तरी कोणी कुठे बनवलेत कळत नाही. गाडी कुर्ल्यातच बनायची, वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात, आणि आज तिथेच तिचा रोटर शोधत हिंडायचं, याचं त्यांना वाईट वाटतं. बोलता बोलता त्यांनी रोटर हाच शब्द का घेतला, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

२१ डिसेंबर, रविवार

ठिणगी. आजचा दिवस मी क्रमवार लिहिते, कारण ऑक्टोबरात हाच भाग ‘सगळं नवं टाकलंय’ म्हणून बाजूला पडला होता.

पहिलं, एक नंबरचा प्लग काढून त्याच्या वायरीला लावला, धातूचा भाग इंजिनाला टेकवला, सेल मारला. ठिणगी नाही. चारही वायरींवर तेच.

कॉइल. प्राथमिक बाजू ३.१ ओहम, उच्च दाबाची ८.४ किलो-ओहम. दोन्ही ठीक. चावी चालू, पॉइंट उघडे: कॉइलच्या प्लसला १२.४ व्होल्ट. पॉइंट मिटलेले: कॉइलच्या मायनसला ०.१. म्हणजे पॉइंट मिटल्यावर करंट नीट जमिनीला जातोय.

पॉइंटची फट फिलर गेजने मोजली, ०.२५ मिलिमीटर. ०.४५ च्या आसपास हवी. नव्या पॉइंटची टाच सुरुवातीला थोडी घासते हे खरं, पण सात महिने न चाललेल्या गाडीत ती घासणार कशी? बसवतानाच कमी राहिली असावी. ०.४५ केली. फट बदलली की ठिणगीची वेळही सरकते, त्यामुळे वेळ शेवटी बघायचीच आहे.

कॉइलमधून डेल्को कॅपच्या मधोमध येणारी जाड वायर कॅपमधून काढली, इन्शुलेशनच्या पकडीने धरून ब्लॉकपासून सहा मिलिमीटरवर ठेवली. सेल. टणटणीत निळी ठिणगी, आवाजासह. कॉइल, पॉइंट, कंडेन्सर तिन्ही पास.

कॉइलपर्यंत सगळं जिवंत, प्लगवर काही नाही. मधे उरलं काय? कॅप, रोटर आणि चार वायरी. चारही वायरी एकाच वेळी जाणार नाहीत. कॅपमध्ये टॉर्च मारून केसासारखी काळी रेघ शोधली, तडा गेला की करंट त्या रेघेने पळतो. नाही. मधला कोळसा आहे, स्प्रिंगवर हलतोय.

रोटर हातात घेतला. नवा कोरा. वर पितळेची पट्टी, खाली काळं प्लास्टिक. डोळ्यांना काही दिसत नाही. ओहममीटर लावला, पट्टीपासून आतल्या बाजूपर्यंत काहीच नाही, म्हणजे इन्शुलेशन चांगलं. इथे मी फसणार होते. मीटर चाचणीला दोन-चार व्होल्ट वापरतो. कॉइलचा दाब हजारो व्होल्टांत असतो.

मिस्त्रीकाकांना फोन केला. ते म्हणाले, ‘‘रोटर डेल्कोवरच ठेव. कॅप नको. मधली वायर रोटरच्या पट्टीवर अर्ध्या सेंटीमीटरवर धर आणि पॉइंट उघड. रोटर चांगला असला तर ठिणगी पडायची नाही, जायला वाटच नाही तिला. पडली तर रोटर मेलाय.’’

चावी चालू केली. एका हातात इन्शुलेशनच्या पकडीत वायर, दुसऱ्या हातात प्लास्टिकच्या मुठीचा स्क्रू ड्रायव्हर घेऊन पॉइंट उचलले. वायरीतून निळी ठिणगी सरळ रोटरच्या पट्टीवर. पुन्हा उचलले, पुन्हा तेच. पट्टीवर पडलेला करंट प्लास्टिक भेदून आतल्या डेल्कोच्या दांड्याला उतरतोय, म्हणजे जमिनीला. प्लगपर्यंत जायला काही उरतच नाही.

पट्टी जिथे रिव्हेट करून बसवलीय तिथे रिव्हेटच्या खालच्या टोकाला आणि दांड्याच्या मधे प्लास्टिक फार थोडं राहतं. ते पातळ किंवा हलकं निघालं की दाब तिथून आरपार जातो. बाहेरून डाग नाही, तडा नाही.

डिकीतला बिस्किटाचा डबा. जुना रोटर टोकाला थोडा काजळलेला, बाकी धडधाकट. कापसाने पुसला, तीच चाचणी घेतली. ठिणगी नाही. त्याला शंभरात शंभर. बसवला, कॅप लावली, चारही प्लगवर ठिणगी.

बाबांनी तो डबा फेकून दिला असता तर आज आणखी एक नवा रोटर आणावा लागला असता, आणि नव्याची खात्री काय?

वेळ. एक नंबरचा पिस्टन दाबाच्या फेरीत वर आणून पुलीवरची खूण जुळवली, टेस्ट लॅम्प कॉइलच्या मायनसला लावला, डेल्को अगदी थोडा फिरवत दिवा लागतो त्या क्षणी आवळला. पॉइंट उघडले की दिवा लागतो. वायरींचा क्रम १-३-४-२ पुन्हा बोटाने मोजला.

आता पाचही पास. पेट्रोलचा डबा बाहेरून जोडलेला. बाबांना म्हटलं, या, चावी तुम्हीच फिरवा. ते आले, बसले, सवयीने आरसा नीट केला, चोक ओढला. पहिल्या सेलला काही नाही, वाटी भरत होती. दुसऱ्याला दोन ठोके. तिसऱ्याला सुरू. सायलेन्सरमधून निळा धूर आला, सिलिंडरमधलं ऑइल जळत होतं. दोन मिनिटांत धूर गेला, चोक अर्धा आत, मग पूर्ण आत. आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली आणि काही न बोलता शेडच्या खांबाला टेकून ऐकत राहिली. वीस मिनिटं चालवली, उभ्यानेच.

२७ डिसेंबर, शनिवार

टाकी उतरवून धुतली, तळाची जाळी गंजाने अर्धी भरलेली होती ती मोकळी केली, लोखंडी पाइपातून हवा मारली, टाकी बसवून आठ लिटर ताजं पेट्रोल घातलं. शेडमध्ये सुरू झाली. गोठ्याच्या वळणापर्यंत नेली, परत आणली, ब्रेक तपासले. मग हमरस्त्याला.

अकरा मिनिटांनी वाशिष्ठीच्या पुलाच्या अलीकडे बंद पडली. आधी दोनदा अडखळली, मग ओढ गेली, मग शांत. बाबा शेजारी बसलेले. म्हणाले, ‘‘हेच. घाटात हेच झालं होतं.’’

कडेला घेतली आणि लगेच, काही थंड व्हायच्या आत, ठिणगी बघितली. चांगली. कार्ब्युरेटरकडचा पाइप काढून सेल मारला, जेमतेम ओलावा. डब्यातून वीस मिनिटं चालली आणि टाकीवरून अकरा, म्हणजे दोष पंपाच्या अलीकडे, टाकीच्या बाजूला. जाळी नुकतीच साफ केलेली. मग काय उरलं?

टाकीचं झाकण उघडलं. सुस्स करून हवा आत ओढली गेली. पुन्हा लावलं, सेल मारला, सुरू.

पेट्रोल जितकं बाहेर जातं तितकी हवा टाकीत यायला वाट हवी. नसेल तर आत पोकळी होते, आणि पंपाला ती ओढ हरवते. थांबल्यावर कुठून तरी हवा झिरपते, गाडी पुन्हा चालू होते आणि सगळे म्हणतात व्हेपर लॉक.

झाकण हातात घेऊन बघितलं. चावीचं कुलूप असलेलं, आत जाड रबर, हवेचं भोक कुठेच नाही. बाबा म्हणाले, एप्रिलमध्ये बसवलं, शेजारच्या दोन मोटारसायकलींचं पेट्रोल चोरीला गेलं म्हणून. दुकानात पद्मिनीचं नव्हतं, मापाला बसलं ते घेतलं.

मग मे महिन्यातल्या त्या घाटातल्या बिघाडाचं मूळ इथे होतं. त्यामुळे गाडी शेडमध्ये राहिली. राहिली म्हणून पेट्रोल सडलं, नळी फुटली, अर्थपट्टी गंजली, आणि त्या सगळ्यावर उपाय म्हणून नवा रोटर आला. बाबा बराच वेळ झाकणाकडे बघत होते. त्यांना म्हटलं, झाकण बदलताना भोक बघायचं असतं हे कोणीच कोणाला सांगत नाही.

घरी येताना दर चार-पाच मिनिटांनी थांबून झाकण उघडून पुन्हा लावत आलो. उघडं ठेवून चालवायची नाही.

२८ डिसेंबर, रविवार

जुनं झाकण माळ्यावर सापडलं. त्यातलं भोक धुळीने बुजलेलं, साफ केलं, तोंडाने फुंकून हवा जातेय याची खात्री केली. नवं रबर.

सकाळी सातला निघालो, मी आणि बाबा. चिपळूण, पोफळी, कुंभार्ली घाट वर आणि परत. चढावर दुसरा आणि तिसरा गिअर, तापमानाचा काटा मधल्याच्या थोडा वर. घाटात मुद्दाम दोनदा थांबून गरम इंजिनावर सेल मारला, दोन्हीदा अर्ध्या फेऱ्यात सुरू. वर पोचल्यावर झाकण उघडलं, आवाज नाही. बाबांनी मेमध्ये गाडी जिथे बंद पडली होती ते वळण दाखवलं. परतताना तिथून पुढे गाडी त्यांनीच चालवली.

४ जानेवारी २०२६, रविवार

पॉइंटची फट पुन्हा मोजली, ०.४३. टाच बसतेय, महिनाभराने परत बघायची. नळ्यांच्या क्लिपा एकदा आवळल्या. अर्थच्या जागी हिरवट काही नाही. ऑइल आणि फिल्टर बदलला.

खर्च: केबल आणि लग, नळ्या आणि क्लिपा, कार्ब्युरेटरचं गॅस्केट, झाकणाचं रबर, ऑइल, फिल्टर. एकूण ३,१४० रुपये, पेट्रोल सोडून.

ऑक्टोबरातला रोटर डब्यात ठेवलाय, वर पट्टी चिकटवून: ‘खराब, दिसायला चांगला, वापरू नये.’ मिस्त्रीकाका मुंबईला जाणार आहेत, त्यांना जादा रोटर आणायला सांगितलंय आणि आल्यावर गाडीत घालायच्या आधी त्याच चाचणीतून काढायचा असं ठरलंय. नोंदणीचा अर्ज भरला.

राहिलेलं: डाव्या दाराचं रबर, हॉर्न अधूनमधून जातो तो, आणि थंड इंजिनावर पहाटेचा सेल. आज रात्री गाडी उघड्यावरच ठेवली आहे. उद्या सहाला, दव असताना, बाबा मारणार आहेत.